माझ्या कार्डावर गेलीस, वहिनी

वहिनी, तू मेलीस ती माझ्या नावावर मेलीस. हे आधीच सांगून टाकते, कारण गल्लीच्या तोंडाशी मंडळाच्या पोरांनी तुझा जो फ्लेक्स लावलाय त्याच्यावर हे कुठे लिहिलेलं नाही. फ्लेक्सवर तू हिरव्या साडीत आहेस. फोटो माझ्याच लग्नातला आहे, बाजूला मी होते, मला कापलंय, माझा खांदा तेवढा राहिलाय तुझ्या कोपराजवळ. खाली लिहिलंय, मनमिळाऊ, सर्वांची लाडकी. मनमिळाऊ! मला विचारलं असतं तर मी चांगलं सांगितलं असतं काय लिहायचं ते. पण धाकट्या जावेला कोण विचारतं.

आणि आता मी तुला तू बोलणार. घरात अहो वहिनी, काय हो वहिनी करायचे. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी आईंनी सांगितलेलं, मोठी जाऊ हा, मान राखूचो. राखला. आता मेलेल्या माणसाला कोण अहो बोलतं? मला लिहायची सवय नाही, नववीत शाळा सुटली ते तुला माहीत आहे, टोमणे पण मारायचीस त्यावरून. माझी आरू आता पायावर झोपलीये, ती उठायच्या आत सगळं बोलून घेते, मग वाक्य कुठे पण जाऊ दे.

पोरीच्या त्या कानांपासून सुरू करते, कारण माझं तुझं शेवटचं भांडण तेच झालं.

मी एका दुपारपुरती भांडुपला माझ्या आईकडे गेलेले. आरूचं नाक वाहत होतं म्हणून तिला तुझ्याकडे ठेवली. परत आले तर पोरीच्या दोन्ही कानांत सोन्याची तार, पाळ्या लाल झालेल्या, आणि ती तुझ्या खांद्यावर गाढ.

"वहिनी, कान कोणी टोचले?"

"सोनाराने. मग काय मी टोचणार?"

"मला न विचारता?"

"तुला विचारलं असतं तर तू तिच्या आधी रडली असतीस. बघ तरी, किती झकास दिसतेय. रडली पण नाही फार. माझ्या मानेत तोंड घातलं आणि गप्प."

"माझी मुलगी आहे ना ती?"

"मग मी काय बोलले, माझी आहे?" आणि तू हसलीस. ते हसणं मला अजून दिसतं. "जा, हातपाय धू. भाजी जळतेय माझी. संध्याकाळी भांड हवं तेवढं."

संध्याकाळी तू हुडहुडत बसलेलीस, आईंची गोधडी अंगावर, डोळे लालबुंद, पोटऱ्या दुखतात बोलत होतीस. तापलेल्या माणसाशी कोण भांडतं? मी चहा दिला आणि गप्प बसले. तोंडात शब्द तयार होते, वहिनी, सगळे लायनीत उभे होते. ते तसेच आत राहिले, आणि आता तुला सोडून दुसऱ्या कोणाला सांगून उपयोग पण नाही.

कानांचं एवढं काय, असं निलेश बोलला. बाप असून त्याला काय कळणार. त्याला गोरेगावला शूटिंगच्या लाईटी लावायच्या, सकाळी जायचं आणि कधी यायचं त्याचा पत्ता नाही. घरात मी, आई, तू आणि माझी पोर. तुझ्या लग्नाला किती वर्षं झाली आणि तुला मूल नाही, हे मला सगळ्यांनी आल्या आल्या सांगितलं, जसं काय मी येऊन ते देणार होते. मी पोटुशी राहिले तेव्हाच आईंनी विषय काढला. गावाला असतं ना ते, भावाभावांत एकाचं मूल दुसऱ्याच्या ओटीत घालायचं, घरातलं घरातच राहतं. आई बोलल्या, "पयला तुझा. दुसरा झाला काय हिच्या ओटीत घाल. तुका पुन्यच लागात." मी खाली मान घालून मटार सोलत होते. तू काहीच बोलली नाहीस. नको बोलली असतीस तर मी तुझ्या पाया पडले असते. हो बोलली असतीस तर निदान भांडले असते. तू उठून कुकरची शिट्टी बघायला गेलीस, कुकरला शिट्टीच लावलेली नव्हती.

तेव्हापासून मला भीती. दुसरं कुठे आहे अजून? पहिलीच होती ना समोर. तिला तेल तू लावायचीस, आंघोळ तू घालायचीस, धुरी तू द्यायचीस. बोलायचीस, "तू झोप गं, बाळंतीण आहेस, दमतेस." मी झोपायचे नाही. डोळे मिटून कान उघडे ठेवून पडायचे. तू गाणं बोलायचीस की ती गप्प व्हायची, आणि मला वाटायचं, गेली, आता ही हिची झाली. माझ्याकडे काय होतं एक दूध सोडून? ते तेवढं तुला देता येत नव्हतं, म्हणून मी सारखी पाजायचे, भूक नसली तरी. तू बघायचीस. मी मुद्दाम तुझ्यासमोर पाजायचे. बरं वाटायचं मला.

मग तो ताप. दुसऱ्या दिवशी उतरेना म्हणून भाऊजी, तुझा नवरा, तुला रिक्षात घालून हायवेपलीकडच्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात घेऊन गेले, जिथे आरू झाली. आपल्या घराची सवय तुला माहीत आहे. आधी तिथे कागदाचा केसपेपर असायचा, आणि एक केसपेपर काढला की सगळं घर त्याच्यावर. आईंचा खोकला, भाऊजींची पाठ, निलेशचं पोट, एकाच कागदावर. खिडकीत बसलेली बाई नाव पुकारायची, जो रिकामा असेल तो आत जायचा. आईंना त्यात काही वाटायचंच नाही. "एक केसपेपर घरात आसलो की सगळ्यांचा भागता." भागायचं पण, कारण आतला म्हातारा डॉक्टर कागद बघायचाच नाही, जीभ बघायचा.

माझ्या बाळंतपणापासून तिथे सगळं कॉम्प्युटरवर गेलं. कार्ड मिळतं, त्याच्यावर नंबर, ते मशीनपुढे धरलं की तुमची सगळी कुंडली बाहेर. आम्हाला वाटलं केसपेपरच आहे, नवीन कपड्यांतला.

तुझं कार्ड काढायला गेले तर मोबाईलवर नंबर येणार बोलले. तुझ्या आधारला गावच्या सासऱ्यांचा मोबाईल जोडलेला, ते गेल्यापासून तो बंद. खिडकीतला माणूस बोलला, उद्या या. तुला उभं राहवत नव्हतं. भाऊजींनी काय केलं, घरातल्या सगळ्यांच्या कागदांची पिशवी होती हातात, त्यातून माझं कार्ड काढलं आणि दुसऱ्या खिडकीवर धरलं. मशीन वाजलं. तू आत गेलीस.

मग मला फोन. "तुझं कार्ड लावलंय. हॉस्पिटलातून फोन आला तर तू रेश्मा नाहीस."

"मग मी कोण, भाऊजी?"

"कोण पण हो. फोनच घेऊ नको."

मी एकदा आले तुला बघायला, भेटायच्या वेळेला, आरूला आईंकडे ठेवून. ती चष्म्याची सिस्टर चाकांच्या टेबलावर कॉम्प्युटर घेऊन खाटाखाटांवरून फिरत होती. तुझ्यापाशी आली तेव्हा तिची पाठ तुझ्याकडे आणि तोंड स्क्रीनकडे. "रेश्मा?" तिने हाक मारली आणि मी पटकन "हां" बोलले. तू माझा हात असा दाबलास की बांगडी रुतली. "मी रेश्मा," तू बोललीस, "ही माझी जाऊ, सुवर्णा. जरा येडी आहे." सिस्टरने मान वर केली नाही. "ताप किती दुखणं किती शून्य ते दहा सांगा," असं एका दमात बोलली आणि टाकटाक दाबत राहिली. एवढ्या तापात तू डोळा मारलास मला. मला हसू आलं, राग पण आला. माझं नाव लावून बसलीस आणि वर मला येडी.

"आरू कशी आहे?" तू विचारलंस.

"बरी आहे."

"कानाला खोबरेल लाव. तार फिरवत जा, नाहीतर चिकटेल."

"लावते," मी बोलले. तोंडातले शब्द परत लायनीत उभे राहिले. मी घड्याळ बघितलं, पोर उठली असेल बोलून निघाले. तू "जा जा" बोललीस. झालं. एवढंच. ह्याला काय निरोप बोलतात?

लेप्टो निघाला, तो उंदरांच्या घाण पाण्यातून होतो तो ताप. पायाला ती जखम होती ना, नाल्यावरच्या फळीने कापलेली, तिथून गेला बोलले. तू पिवळी झालीस, लघवी बंद झाली, खाली आयसीयूत हलवलं, किडनीचं मशीन लावलं, आणि गेलीस. भाऊजींनी मयताच्या कागदासाठी तुझं आधार दाखवलं तेव्हा कारकून बोंबलला, आधी रेश्मा आता सुवर्णा कशी, मग कोणी तरी कोणाच्या तरी हातापाया पडलं आणि कागदावर नाव हाताने दुरुस्त करून दिलं. कागदावर तू मेलीस. कॉम्प्युटरमध्ये मी मेले. हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. माझ्या पण नाही.

तुझे दिवस होऊन गेल्यावर एकदा आरू खूप रडली आणि मी लंगोट बदलताना बघितलं, जांघेत गाठ. रडली की फुगते, गप्प झाली की आत जाते. तशीच उचलली आणि निघाले. नाक्यावरच्या बालडॉक्टरने दाबून बघितलं, बोलला हर्निया आहे, साधं ऑपरेशन, पण लांबवू नका. अडकली गाठ, कडक झाली, उलट्या झाल्या तर धावत या, आतडं मरतं. मरतं, असं सरळ बोलला. मी तिथून सरळ ट्रस्टच्या हॉस्पिटलात खिडकीवर गेले तारीख घ्यायला.

माणसाने नंबर टाकला. परत टाकला. मग माझ्याकडे बघितलं. "बाळाची आई वारलीय ना? तुम्ही कोण?"

"मीच आई."

"इथे मयत दाखवतंय."

"मग मी कोण आहे, भूत?"

"मॅडम, मला नका बोलू. बाळाचा नंबर आईच्या नंबरखाली आहे. आईचा बंद झाला की खालचं पण लॉक. सिस्टीम घेत नाही."

"अहो, ही दूध पिते माझं! आता पाजून दाखवू?"

मागच्या बायका हसल्या. तो पण हसला, पण बोट हललं नाही त्याचं. "तक्रार खिडकीवर जा. पुरावा आणा."

मी तिथेच बसले खाली लादीवर. तुला शिव्या घातल्या, वहिनी, मनातल्या मनात नाही, तोंडाने. अगं मेले, कान टोचलेस, तेल लावलंस, गाणी बोललीस, आता नावसुद्धा घेऊन गेलीस? माझ्याच पोरीची मी आई आहे हे मला सिद्ध करायला लावतेस?

घरी सांगितलं तर भाऊजींचं तोंड पांढरं. "काय बोलू नको तिकडे. खोटं नाव लावलं बोलून माझ्यावर पोलीस केस होईल. दुसऱ्या हॉस्पिटलात ने."

"दुसरीकडे लायनीत किती दिवस जातील? आणि गाठ अडकली तर?"

"एवढं काय होत नाही."

"तुमची बायको पण साध्या तापाने गेली ना?"

हे मी बोलले. भाऊजींना. आईंच्या हातातलं भांडं खाली पडलं. निलेश बोलला, "रेश्मा, गप." मी गप्प बसले नाही. मी बोलले, "मी उद्या जाणार आणि सगळं सांगणार, केस होऊ दे नाहीतर काही होऊ दे, माझी मुलगी तिच्या आईखाली आहे, मेलेल्या बाईखाली नाही." आई रडायला लागल्या. भाऊजी बाहेर गेले. तुझ्या फोटोपुढचा दिवा मी लावला नाही त्या दिवशी. मुद्दाम नाही लावला.

दुसऱ्या दिवशी तक्रार खिडकीवर नाही गेले. सरळ वॉर्डात गेले, ती चष्म्याची सिस्टर शोधली. तिने ओळखलं. "तुम्ही त्या रेश्माच्या जाऊ ना? सुवर्णा?"

"नाही सिस्टर. रेश्मा मी. सुवर्णा ती."

मग मी सगळं सांगितलं, रडत, एका दमात, आरू कडेवर. सिस्टरचा हात कॉम्प्युटरवरून खाली आला. ती स्टुलावर बसली. आणि पहिलं काय विचारलं माहीत आहे?

"मग ते दूध?"

"कसलं दूध?"

तेव्हा मला कळलं, वहिनी. माझ्या कार्डावर होतं, बाळंतपण इथेच झालं, बाळ अंगावर पितं. सिस्टरला प्रत्येक ड्युटीला ते विचारावंच लागतं, टिक केल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. ती विचारायची, बाळाला पाजताय का? आणि तू बोलायचीस, हो, पाजते.

"रोज?" मी विचारलं.

"रोज. मी बोलले पण त्यांना, बाळ तर घरी आहे. तर बोलल्या, ताप उतरला की परत पाजेन, ती माझ्याशिवाय झोपत नाही. मग काय काय सांगायच्या. पोटावर सरकते, बाबाच्या चपला चाटते. कान टोचून घेतलेत, बोलल्या, माझ्या मानेत तोंड घालून बसली, हूं की चूं नाही."

मी आरूला घट्ट धरलं. मला वाटलं तू तिथून पण ओढतेयस तिला.

"आणि एक सांगते," सिस्टर बोलली, "तुमच्यापासून लपवून काय करू. तापाची एक गोळी होती, ती कॉम्प्युटरने लाल केली. दूध पाजणारी बाई आहे, डॉक्टरांनी बघितल्याशिवाय देऊ नका. डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. दुपार गेली त्यात. मी तुमच्या जावेला जाऊन सांगितलं, बाळाला त्रास होऊ नये म्हणून थांबलोय. तर त्या बोलल्या, हो हो, थांबा, बाळाचं आधी बघा."

बाळाचं आधी बघा! कुठल्या बाळाचं? तू का नाही बोललीस? एक वाक्य होतं ना. बाळ नाही मला, द्या गोळी. त्या एका वाक्यासाठी तुझी जीभ उचलली नाही? मी नंतर डॉक्टरांना विचारलं, ते बोलले, त्या दुपारने फरक पडला नसता, किडनीत आधीच उतरलेलं. आंघोळ करताना मला ते पटतं, कपडे वाळत घालताना पटत नाही. तूच सांग आता. सांगणार पण नाहीस.

मी सिस्टरवर पण ओरडले. "तुम्हाला दिसलं नाही? माझ्यापेक्षा केवढी मोठी बाई, माझा चेहरा कुठे तिचा कुठे?"

तिने चष्मा काढला, डोळे पुसले. "दिसलं असतं. आधी आम्ही हाताने अंग पुसायचो, कपडे बदलायचो. पाजणारी बाई एवढे दिवस बाळापासून लांब असली की छाती दगड होते, ताप येतो, ब्लाऊज भिजतो. हात लावला असता तर एका मिनिटात कळलं असतं की ही बाई पाजत नाही. पण माझ्यामागे सगळा वॉर्ड आणि हे यंत्र. हे भरलं नाही तर वरून विचारतात, काम केलं नाही का? पेशंटला हात नाही लावला तर कोणी विचारत नाही."

तिच्यावर काय ओरडायचं मग? वाट लागलेली तिची पण. तिने आरूच्या गालाला हात लावला. मी लावू दिला.

तीच मला आत कचेरीत घेऊन गेली, स्वतः बोलली सगळ्यांशी. मोठा साहेब खूप ओरडला, तुम्ही लोक कार्ड म्हणजे काय रेशनची पिशवी समजता का, दुसऱ्याचं रक्त चढलं असतं म्हणजे? मी ऐकून घेतलं. भाऊजींना बोलावलं, त्यांनी येऊन मान खाली घालून लिहून दिलं. पोलीस वगैरे काही झालं नाही. लिहिताना तुझं नाव दोनदा खोडलं त्यांनी, ते बघून माझा राग जरा गेला. पण तुझ्यावरचा नाही.

माझ्या नंबरावरून तुझं दुखणं काढायचं तर ते ठेवायला तुझा वेगळा नंबर लागतो. म्हणजे मेल्यावर तुझं कार्ड निघालं बघ. कारकून विचारत होता आणि मी सांगत होते. नाव सुवर्णा. नवऱ्याचं नाव. मोठं ऑपरेशन काही? नाही. कुठल्या औषधाचा त्रास? नाही.

"मुलं?"

भाऊजी खिडकीबाहेर बघायला लागले. सिस्टर माझ्याकडे बघत होती. मला माहीत आहे तिला काय वाटत होतं. तुझ्या फ्लेक्सवाल्या सगळ्यांना वाटलं असतं की मी तिथे काहीतरी गोड बोलावं. मला पण एक क्षण वाटलं, एक बोलावं.

"शून्य," मी बोलले.

राग आला तर येऊ दे. तुला मूल नव्हतं, वहिनी. तुला नव्हतं आणि तू होतं बोललीस आणि डॉक्टरची वाट बघत पडून राहिलीस. ह्या खोट्याने एक बाई गेली आणि दुसरी कॉम्प्युटरमध्ये मेली. मी परत तेच नाही करणार. कारकुनाने बटण दाबलं, माझ्या नावापुढचं मयत गेलं, आणि खाली आरूचा नंबर उघडला. ऑपरेशनची तारीख मिळाली. मी जिवंत झाले त्या दिवशी, आणि बाहेर पायरीवर बसून एवढी रडले की भाऊजींनी मला पाणी आणून दिलं. ते बोलले, "ती तुझ्या पोरीचं नाव घेत गेली गं." मी बोलले, "माहीत आहे. म्हणूनच तर."

म्हणूनच तर काय, ते मला पण सांगता येत नाही.

आरूचं ऑपरेशन झालं, नीट झालं, ते ऐकून घे आधी. टाका एवढासा आहे, करदोऱ्याखाली लपतो. गाठ गेली. आता चांगली सरकते, चपला अजून चाटते. मला आता त्या दिवसाचं सांगायचंय आणि मग बस, कारण ही हलायला लागलीये.

ऑपरेशनच्या दिवशी तिला उपाशी ठेवायचं होतं. सकाळपासून अंगावरचं बंद. तिला काय समजणार? गाऊनचं बटण ओढते, डोकं छातीवर आपटते, किंचाळते. आणि डॉक्टर बोललेले, रडू देऊ नका, गाठ फुगते. मी फिरवली, खिडकी दाखवली, चाव्या वाजवल्या. माझं दूध आपोआप वाहायला लागलं, ओढणी भिजली, त्या वासाने ती अजून पिसाळली. निलेशने घेतली, त्याच्याकडे लालबुंद झाली. आईंनी घेतली, "उगी गो बाय, उगी," त्यांच्या हातातून वाकून माझ्याकडेच झेपावत होती.

लहान मुलांच्या वॉर्डातली सिस्टर आली, वेगळी, तरुण, आपलं काही माहीत नसलेली. तिचं ते चाकांचं टेबल तिने दारातच सोडलं. "अहो आई, तुम्ही हिच्या नजरेसमोरून जा बघू. तुमच्या अंगाला दुधाचा वास येतो, ती मागतच राहणार. जिच्या अंगाला दुधाचा वास नाही पण जिच्याकडे ही राहते, अशी बाई लागते आता. घरात कोणी नाही का?"

आईंनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे तोंड केलं. मी शिव्या देत होते तुला, वहिनी, सगळ्या येतात तेवढ्या. माझ्या पोरीच्या जन्मापासून तिच्या पाठीला लागलीस, मी झोपायची वाट बघायचीस, माझ्या खोलीबाहेर घुटमळायचीस, आणि आज, जेव्हा मी तिला स्वतःच्या हाताने तुझ्याकडे द्यायला तयार आहे, दे बोलले असते, घे बोलले असते, आज कुठे मेलीस?

"कोणीच नाही का?" सिस्टरने परत विचारलं.

"होती एक."

"मग फोन लावा ना तिला," ती बोलली, "पोर किती रडतेय."